खिशातले प्राणी

गेल्या वर्षी जर्नले तपासत बसलो होतो. बी. एस्सी. दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने झुरळाच्या मुखावयवांची आकृती बरी काढली होती. पण मागच्या कोऱ्या पानावर त्याने पेन्सिलीने एक पिकाचू काढला होता आणि त्यात झुरळापेक्षा कितीतरी अधिक जीव ओतला होता. अशा वेळी प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकाने काय करावे याचे संकेत ठरलेले आहेत. लाल पेन उघडावे, 'हे काय?' असे लिहावे आणि पुढच्या तासाला चार मुलांदेखत त्याची हजेरी घ्यावी. मी लाल पेन उघडले खरे, पण हातून लिहिले गेले ते असे : 'शेपटीचे टोक काळे नसते. काळी टोके कानांना. शेपटी बुडाशी तपकिरी.' आणि खाली सही केली.

दोन दिवसांत ही बातमी कँटीनपर्यंत गेली. तिसऱ्या दिवशी मराठी विभागाचे दोन विद्यार्थी-संपादक दारात उभे. "सर, अंकासाठी लेख पाहिजे." मी म्हटले, गांडूळखतावर देतो. ते एकमेकांकडे बघून म्हणाले, "गांडूळखत कन्नड विभागात आलंय, सर. तुम्ही पोकेमॉनवर द्या. तुमचे आवडते कोण कोण ते."

तेव्हा ही यादी मागून घेतलेली आहे, मी होऊन दिलेली नाही, एवढे ध्यानात असू द्यावे.

ज्या सहकाऱ्यांना पिकाचू म्हणजे काय हे ठाऊक नाही (स्टाफरूममध्ये असे चौघे तरी आहेत) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पोकेमॉन म्हणजे 'पॉकेट मॉन्स्टर', खिशातले राक्षस. राक्षस हा शब्द मला त्यांच्यासाठी कधीच पटला नाही. मी प्राणीच म्हणतो. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानात 'गेम बॉय' नावाच्या तळहाताएवढ्या यंत्रावर हा खेळ आला. त्यात १५१ प्राणी होते. रानावनातून हिंडायचे, ते पकडायचे, सांभाळायचे, मोठे करायचे आणि दुसऱ्याच्या प्राण्यांशी त्यांची झुंज लावायची. २०२३ सालच्या अखेरीस त्यांची संख्या १०२५ झाली होती. मी पहिल्या १५१ वर थांबलेला मनुष्य आहे. पुढचे मला नावाने ओळखता येत नाहीत आणि त्याची खंतही नाही.

खेळाची कल्पना सातोशी ताजिरी यांची. जन्म १९६५, वाढले तोकियोजवळच्या माचिदा नावाच्या गावात. लहानपणी त्यांना किड्यांचे इतके वेड की सोबतची मुले त्यांना 'डॉक्टर किडा' म्हणत. बाकीची मुले झाडाला मध लावून भुंग्यांची वाट बघत बसत. हे झाडाखाली दगड ठेवून येत, कारण दिवसा भुंगे दगडाखाली झोपतात. हे वाचले तेव्हा मला वाटले, हा मनुष्य आमच्या विभागात असायला हवा होता. पुढे माचिदाची तळी बुजली, रानाच्या जागी घरे उठली, किडे गेले. मोठेपणी त्यांनी दोन गेम बॉय तारेने जोडलेले पाहिले, आणि त्या तारेवरून एक किडा सरपटत पलीकडे चाललाय असे त्यांच्या डोळ्यांपुढे आले. सगळा पोकेमॉन त्या किड्यातून निघालेला आहे.

आणखी एक गोष्ट संपादकांना मुद्दाम सांगतो. ताजिरींची 'गेम फ्रीक' ही कंपनी १९८९ साली निघाली, पण तिच्याआधी १९८३ पासून 'गेम फ्रीक' नावाचे एक नियतकालिक होते. हाताने लिहिलेले, झेरॉक्स काढलेले, टाचण्या मारलेले. त्यात चित्रे काढायला म्हणून केन सुगिमोरी आले, आणि पुढे त्या १५१ प्राण्यांना रूप देणारा मुख्य हात त्यांचाच. तेव्हा वार्षिक अंकाला कोणी कमी लेखू नये.

आता तारेविषयी. या खेळाच्या दोन आवृत्त्या एकदम काढल्या होत्या आणि त्या मुद्दाम अपुऱ्या ठेवल्या होत्या. आपल्याकडे इंग्रजीतून आल्या त्या तांबडी आणि निळी. तांबडीत एकान्स नावाचा साप सापडतो, निळीत तो सापडत नाही. निळीत सँडश्रू सापडतो, तो तांबडीत नाही. चार प्राणी तर असे की ते तुमच्याकडे कितीही दिवस राहिले, कितीही लढले तरी त्यांचे शेवटचे रूप येतच नाही. ते तारेवरून दुसऱ्याला दिले की पलीकडे पोचता पोचता पालटतात. एकट्याने १५१ पुरे करताच येत नाहीत. दुसरा कोणीतरी लागतो, आणि त्याच्याकडे तुमच्याकडे नसलेले काहीतरी असावे लागते.

आम्हांला यातले काहीच माहीत नव्हते. वडगावातल्या आमच्या गल्लीत गेम बॉय कोणी पाहिलेला नव्हता. २००३ साली टीव्हीवर हिंदीतून पोकेमॉन सुरू झाला तेव्हा मी तिसरीत होतो. मागांच्या खडखडाटात टीव्हीचा आवाज वाढवून सात-आठ पोरे एका खोलीत बसत. त्यांत निम्मी मराठी शाळेतली, निम्मी कन्नड शाळेतली. हिंदी कोणालाच धड येत नव्हती, त्यामुळे सगळ्यांचा दर्जा सारखा होता. चिप्सच्या पुड्यांतून प्लॅस्टिकच्या गोल चकत्या निघत, त्यांना टाझो म्हणत. चिप्स खाऊन खाऊन घसा बसायचा. नंतर शाळेसमोरच्या टपरीवर कार्डे आली, रुपयाला एक, चकचकीत.

ती कार्डे बनावट होती हे मला वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी कळले. पुण्याचा माझा भाचा सुट्टीला आला होता. त्याच्याकडे खऱ्या कार्डांचा अल्बम. मी मोठ्या डौलाने माझा पत्र्याचा डबा काढला आणि माझा चारिझार्ड त्याच्यापुढे ठेवला. त्याने कार्ड उलटे केले, उजेडाला धरले, बोटाने वाकवून पाहिले आणि एखाद्या डॉक्टरने नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगावे तशा आवाजात म्हणाला, "मामा, हे फेक आहे." मागचा निळा रंग जांभळट होता. खऱ्या चारिझार्डचे बळ १२०. माझ्यावर २१० छापलेले. छापणाऱ्याने उदार हाताने ९० वाढवून दिले होते.

त्या भाच्याकडूनच मी खरी कार्डे वाचायला शिकलो. जपानात ही कार्डे ऑक्टोबर १९९६ मध्ये निघाली, इंग्रजीतून जानेवारी १९९९ मध्ये. इंग्रजीतला पहिला संच १०२ कार्डांचा. कोपऱ्यातली खूण बघायची : वर्तुळ म्हणजे सर्रास मिळणारे, चौकट म्हणजे कमी मिळणारे, चांदणी म्हणजे दुर्मीळ. खेळायला बसले तर ६० कार्डांचा गठ्ठा लागतो आणि एकाच नावाची चारांपेक्षा जास्त कार्डे त्यात चालत नाहीत, साधी ऊर्जेची कार्डे तेवढी सोडून. आमच्या गल्लीत हा खेळ नियमाने कधीच खेळला गेला नाही. ज्याच्या कार्डावरचा आकडा मोठा तो जिंकला, हा आमचा नियम. त्यामुळे २१० वाला मी अजिंक्य होतो.

चित्रांकडे मात्र मी आता आता बघायला लागलो. पहिल्या संचातला तो ज्वाळा ओकणारा चारिझार्ड आणि तो गुबगुबीत, पोट सुटलेला पिकाचू हे दोन्ही मित्सुहिरो आरिता यांनी काढलेले. त्या पिकाचूकडे पाहिले की नंतरचे सगळे पिकाचू उपासतापास करणारे वाटतात. युका मोरीई नावाच्या एक बाई आहेत. त्या प्राणी रंगवत नाहीत, मातीचे घडवतात, गवतात किंवा पाण्याकाठी ठेवतात आणि त्यांचे फोटो काढून कार्डावर छापतात. भाच्याच्या अल्बममध्ये त्यांची दोन कार्डे होती. त्याला ती 'बावळट' वाटतात. मला ती आपल्याकडे बेंदराला करतात त्या मातीच्या बैलांच्या जवळची वाटली. मी त्याला बदल्यात काहीही द्यायला तयार होतो, पण माझ्याकडे देण्यासारखे खरे काहीच नव्हते.

किमतीचेही सांगून टाकतो, कारण स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न तोच येतो. १९९७-९८ मध्ये 'कोरोकोरो' या जपानी मासिकाने चित्रस्पर्धा घेतल्या. विजेत्यांना पिकाचूचे एक खास कार्ड दिले, अशी ३९ कार्डे वाटली गेली. त्यावरचे चित्र आत्सुको निशिदा यांचे, ज्यांनी पिकाचू पहिल्यांदा रेखाटला त्यांचेच. त्यातले एक उत्तम स्थितीतले कार्ड २०२१ साली लोगन पॉल या अमेरिकन गृहस्थाने ५२ लाख ७५ हजार डॉलर मोलाला घेतले, म्हणजे आपले चाळीस कोटींच्या घरात. मुलांच्या स्पर्धेचे बक्षीस! आमच्या स्नेहसंमेलनात आम्ही स्टीलचा डबा देतो.

बरे, आता आवडीचे.

पहिला मॅजिकार्प. हा एक तांबडा मासा आहे आणि तो निरुपयोगी आहे. झुंजीत सोडला की तो फक्त उड्या मारतो. त्या उड्यांनी कोणाला काही होत नाही. खेळात एक दलाल भेटतो, तो हा मासा पाचशेला तुमच्या गळ्यात मारतो. पण तो टाकून न देता सांभाळला, दुसऱ्यांच्या आडोशाने थोडाथोडा वाढवत विसाव्या पायरीला आणला, तर त्याचा ग्याराडोस होतो : निळा, प्रचंड, सापासारखा, आणि कोणाचे ऐकून न घेणारा. चीनमध्ये एक जुनी कथा आहे की धबधबा उलटा चढून जाणारा मासा ड्रॅगन होतो. ती त्याच्यामागे आहे. पहिल्या सत्राला सात विषयांपैकी पाच राहिलेला विद्यार्थी समोर येऊन उभा राहिला की मला मॅजिकार्प आठवतो. सगळ्यांचेच ग्याराडोस होत नाहीत, हेही अनुभवाने सांगतो.

दुसरा कॅटरपी, आणि याच्याविषयी मला विषयाचा शिक्षक म्हणून बोलायचे आहे. खेळात एक रूप जाऊन दुसरे आले की त्याला उत्क्रांती म्हणतात. दरवर्षी एक तरी विद्यार्थी पेपरात उत्क्रांतीची व्याख्या अशी लिहितो की तो प्रश्न वाचून उठला की टीव्ही बघून, हे कळत नाही. एकटा प्राणी उत्क्रांत होत नसतो. पिढ्यान्‌पिढ्या जातात, समूह बदलत जातो, तिला उत्क्रांती म्हणायचे. कॅटरपीचे जे होते ते रूपांतरण : अळी, मग कोष, मग फुलपाखरू. सातव्या पायरीला कोष, दहाव्याला बटरफ्री. बाकीचे प्राणी पंधरा-वीस-तीस पायऱ्या घेतात. हा कीटक आहे म्हणून याचे आयुष्य भराभर उलटते. आणि मधल्या कोषाला, मेटापॉडला, एकच विद्या येते : कडक होऊन पडून राहणे. असे वाटते की ताजिरींनी सगळा खेळ या एकासाठी रचला आणि बाकीच्यांना तोच नियम लावून टाकला. शब्द चुकीचा, पण निरीक्षण पक्के. टीव्हीवर ऐशने आपला बटरफ्री सोडून दिला, तो समुद्रावरून निघून गेला, त्या दिवशी आमच्या खोलीतली सातही पोरे रडली. माग थांबले होते, त्यामुळे लपवताही आले नाही.

पोरिगॉनला मी सहानुभूतीने घेतले आहे. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानात पोकेमॉनचा एक भाग लागला. पडद्यावर तांबडा-निळा प्रकाश इतक्या वेगाने लुकलुकला की मुलांना झटके आले, भोवळ आली. सुमारे ६८५ जणांना इस्पितळात न्यावे लागले. चार महिने मालिका बंद राहिली. त्या भागाचा नायक पोरिगॉन होता, म्हणून त्यानंतर त्याला मालिकेत नावाजण्याजोगी भूमिका मिळाली नाही. वस्तुतः तो प्रकाश पिकाचूच्या विजेने झाला होता. पिकाचूला कोण काय बोलणार? पहिल्या बाकावरच्या लाडक्याने खोडी काढावी आणि मागच्या बाकावरचा मुका मुलगा वर्गाबाहेर जावा, हे आमच्या व्यवसायात रोज घडते.

आता फारफेच्ड. हे बदक हातात कांद्याची पात घेऊन हिंडते. जपानी नाव कामोनेगी : कामो म्हणजे बदक, नेगी म्हणजे लांब पातीचा कांदा. तिकडे म्हण आहे की बदक स्वतःच पाठीवर कांदा घेऊन आले. म्हणजे कालवणाची मुख्य वस्तूही आली आणि फोडणीचीही आली. भोळा गिऱ्हाईक आपल्या पायांनी दुकानात शिरला की म्हणतात तसे. गंमत अशी की तांबड्या-निळ्या खेळात हे बदक रानात सापडतच नाही. एका घरातला माणूस तुमच्याकडून स्पिअरो नावाचा अगदी साधा पक्षी मागतो आणि बदल्यात हे देतो. त्या सौद्यात बदक कोण, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

आणि हा प्रश्न माझ्या डोक्यात का आहे, ते सांगायलाच हवे. शेवटचा आवडता त्यासाठीच मागे ठेवला.

आमच्या घराला लागून एक कन्नड घर होते. तिथे माझ्या वयाचा मुलगा आणि त्याची अज्जी, अशी दोघेच. वडील नोकरीने दुसऱ्या गावी, महिन्यातून एकदा येत. आई तो दुसरीत असताना गेली होती. गल्लीला हे माहीत होते, मलाही माहीत होते. जसे एखाद्या घराचा जिना कोणत्या बाजूला आहे हे माहीत असते तसे. आमचे बोलणे तीन भाषांच्या खिचडीत चाले. तो 'कोडो' म्हणाला की मी देत असे, मी 'बेड' म्हटले की तो ठेवून घेत असे. देवाणघेवाणीपुरते कन्नड मला येत होते, आणि आजही वर्गाबाहेर तेवढेच येते.

२००४ सालचा एक नोव्हेंबर. बेळगावात वाढलेल्यांना हा दिवस समजावून सांगायला नको. आमच्या घरचे काका दंडाला काळी फीत लावून फेरीला गेले होते. त्याचे मामा राज्योत्सवाच्या मिरवणुकीला पिवळा-तांबडा शेला घालून. शाळेला सुट्टी. 'रस्त्यावर जायचं नाही' हा हुकूम दोन्ही घरांत, दोन्ही भाषांत सुटलेला. म्हणून आम्ही त्याच्या घराच्या मागच्या पायरीवर कार्डे मांडून बसलो होतो.

माझ्याकडे एक क्यूबोन होता. लहानसा प्राणी, डोक्यावर कवटी, हातात हाड. कार्डाला मधोमध घडी पडलेली, एक कोपरा उंदराने खाल्लेला. बळ ४०. त्याच्या पहिल्या विद्येचे इंग्रजी नाव मी मोठ्या भावाला विचारले होते. त्याने शब्दकोश बघून सांगितले, मुसमुसणे. समोरच्याने मारायला हात उचलला की हा मुसमुसतो आणि त्यामुळे मार वीसने कमी लागतो. यावर मी महिनाभर हसत होतो. रडून लढणारा प्राणी! गल्लीत कोणीही तो माझ्याकडून घेईना.

त्याने ते कार्ड उचलले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, "हे दे मला."

"काय देतोस?"

त्याने आपल्या गठ्ठ्यातून चारिझार्ड काढला. एकही ओरखडा नसलेला. आणि माझ्यापुढे ठेवला. घासाघीस नाही, वर आणखी दोन दे म्हणणे नाही. माझे हात थरथरले. तो शुद्धीवर येण्याआधी मी चारिझार्ड चड्डीच्या खिशात घातला आणि आईने हाक मारली असे खोटे सांगून घरी पळालो.

त्यानंतर दोन महिने मी ती गोष्ट गल्लीभर सांगितली. कसे त्याला गंडवले, कसा उंदराने खाल्लेला क्यूबोन त्याच्या गळ्यात मारला. त्याच्यादेखत सांगितली. पोरे हसत. तो हसत नसे, रागावतही नसे. आपली कार्डे रबराने बांधून उठून जाई. पुढच्या मे महिन्यात वडिलांनी त्याला आणि अज्जीला आपल्याकडे नेले. घराला दुसरे भाडेकरू आले. बदक आपला कांदा ठेवून गेले, असे मला तेव्हा म्हणता आले असते. म्हण माहीत नव्हती एवढेच.

२०१६ साली धारवाडला एम्. एस्सी. करत असताना वसतिगृहातल्या एकाच्या संगणकावर मी पहिल्यांदा मूळ खेळ खेळलो, तो तांबडा. काळ्यापांढऱ्या चित्रांतून हिंडत हिंडत लॅव्हेंडर नावाच्या गावाला पोचलो. तिथे एक मनोरा आहे, मेलेल्या प्राण्यांची थडगी असलेला. गावात एक पोरका क्यूबोन आहे. त्याच्या आईला, मॅरोवॅकला, चोरांच्या टोळीने मारले आहे. मनोऱ्याच्या जिन्यात तिचे भूत वाट अडवून उभे राहते, आणि ते कोणाचे आहे हे कळेपर्यंत पुढे जाता येत नाही. क्यूबोनने डोक्यावर घातलेली कवटी आईची आहे. ती तो कधी काढत नाही, म्हणून त्याचा चेहरा कोणी पाहिलेला नाही. तो रडला की आवाज कवटीच्या आत घुमून बाहेर येतो.

मी संगणक तसाच चालू ठेवून बाहेर व्हरांड्यात येऊन उभा राहिलो. मे महिन्याच्या सुट्टीत हा मुलगा बंगळूरला चुलतभावाकडे जात असे आणि त्या चुलतभावाकडे गेम बॉय होता, हे मला बारा वर्षांनी आठवले. तो खेळ आम्हां सगळ्यांत फक्त त्यानेच पाहिला होता. आम्ही मुसमुसण्यावर हसत होतो तेव्हा कवटी कोणाची हे त्या पायरीवर एकट्यालाच ठाऊक होते, आणि त्याने ते सांगितले नव्हते.

त्यानंतर चारिझार्ड मी कोणाला दिला नाही. खरे तर दाखवलाही नाही, भाच्याला दाखवला तो एकदाच, आणि त्याचा निकाल वर आलाच आहे.

गेल्या मे महिन्यात हुबळीला एका लग्नाला गेलो होतो. मांडवात एक उंच गृहस्थ कडेवर लहान मुलगी घेऊन उभे होते, ते माझ्याकडे टक लावून पाहत होते. ओळख पटायला वेळ लागला नाही. अज्जी गेल्या, वडील निवृत्त झाले, तो स्वतः हुबळीतच नोकरीला आहे, वगैरे झाले. मराठी त्याची बरीच गेली आहे. माझे कन्नड होते तेवढेच आहे. मग मी, इतकी वर्षे मनात घोळवलेले ते सगळे एका दमात बोलून टाकले : पायरी, क्यूबोन, चारिझार्ड, गल्लीभर केलेली बढाई, धारवाड. माफ कर म्हणालो. पलीकडे सनईवाला जोरात होता. दोन वाक्ये मला पुन्हा मोठ्याने सांगावी लागली आणि शेजारच्या बाई वळून बघू लागल्या.

त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "माझ्याकडं चारिझार्ड दोन हुते की रे. डबल."

मी गप्प झालो. थोड्या वेळाने विचारले, "आणि क्यूबोन?"

"आहे," तो म्हणाला. "घरी आहे." त्यापुढे काही बोलला नाही, मुलगी त्याच्या शर्टाचे बटण ओढत होती, ते सोडवत राहिला.

"चारिझार्ड परत देऊ? माझ्याकडं जपून ठेवलाय."

"बेड," तो म्हणाला आणि पंगतीकडे वळला. चार पावलांवरून मान वळवून विचारले, "टाझो असले तर दे. हिला खेळायला."

टाझो माझ्याकडे ४७ आहेत. त्यांतले २१ डबल.